डाव कुणाच्या हाती?

प्रस्तावना

माणूस आणि खेळ यांचे नाते फार जुने आहे. आपल्या मराठी भाषेतच याची साक्ष मिळते. डाव, गडी, भिडू, खेळी हे शब्द खेळातून आले आणि रोजच्या बोलण्यात रुळले. एखादा माणूस 'डाव साधतो', दुसऱ्याचा 'डाव उलटतो', तर कुणाच्या कामाचा 'खेळखंडोबा' होतो. संत एकनाथांनी फुगडीवर भारूड रचले. संत तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी यांसारख्या खेळांवरचे अभंग आहेत. खेळासारख्या साध्या गोष्टीतूनही जीवनाविषयी काही सांगता येते, हे आपल्या संतांनी ओळखले होते.

गेल्या ५० वर्षांत खेळाला एक नवे अंगण मिळाले. ते म्हणजे पडदा. प्रथम दुकानातील यंत्राचा, मग दूरचित्रवाणीचा, पुढे संगणकाचा आणि आता हातातील मोबाइलचा. या खेळांविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असते. परंतु मत असणे वेगळे आणि ते कारणे देऊन मांडणे वेगळे. प्रस्तुत पाठात लेखकाने काही जुन्या व नव्या व्हिडिओ गेमविषयी आपली मते मांडली आहेत. ती वाचताना तुम्हांला ती पटतात का, याचाही विचार करा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही

- वस्तुस्थिती आणि मत यांतील फरक सांगू शकाल;
- एकाच निकषावर अनेक गोष्टींची तुलना कशी करतात, हे स्पष्ट करू शकाल;
- आपल्या मताविरुद्ध जाणारे उदाहरण विचारात घेऊन मत अधिक नेमके करू शकाल;
- खेळाशी संबंधित शब्दांचा व वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१) बेंगळुरूच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची वस्ती आहे. १९९७ साली कर्नाटकात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा खेळाडूंच्या निवासासाठी येथे 'राष्ट्रीय क्रीडाग्राम' उभारण्यात आले. त्याच वर्षी बेंगळुरूत राजेश राव यांनी 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही व्हिडिओ गेम तयार करणारी कंपनी सुरू केली. भारतातील या व्यवसायाच्या आरंभीच्या कंपन्यांत तिची गणना होते. आणि त्याच वर्षी नोकिया कंपनीच्या ६११० या मोबाइलवर 'स्नेक' हा सापाचा खेळ आला. मैदानावरचा खेळ, पडद्यावरचा खेळ आणि खिशातला खेळ यांच्या वाटा अशा एकाच वर्षाला येऊन मिळाल्या.

(२) पुढे कोरमंगला संगणकक्षेत्रातील नव्या उद्योगांची वस्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. फ्लिपकार्टची सुरुवात २००७ साली येथूनच झाली. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी घरांत आज तीन पिढ्यांचे खेळ एकत्र नांदतात. आजोबांना सापशिडी आठवते, वडिलांना टीव्हीला जोडायचा डबा आणि त्यात बसवायच्या कॅसेटी आठवतात, तर नातवंडांच्या हाती मोबाइल असतो. सुट्टीच्या दिवशी एकच वाद रंगतो : 'आमच्या वेळचे खेळ चांगले की आताचे?' माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. जुना की नवा, यापेक्षा मला एक वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो असा : खेळ कुठे थांबतो, आणि थांबण्याचे कोण ठरवतो?

(३) अंगणातल्या खेळांना थांबणे ठाऊक होते. दिवेलागण झाली, आईची हाक आली की डाव मोडत असे. पळता पळता धाप लागली तर 'टाइमप्लीज' म्हणण्याची सोय होती आणि ती सर्वांना मान्य असे. सापशिडीचे जुने रूप असलेला मोक्षपट परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्यातही शिड्या आणि साप कितीही असले, तरी शेवटचे घर निश्चित होते. मोक्ष मिळाला की पट गुंडाळायचा.

(४) पडद्यावरच्या पहिल्या खेळांचे तसे नव्हते. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'पाँग' बाजारात आणला. पडद्यावर दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये उसळणारा एक ठिपका, एवढेच त्याचे स्वरूप. त्याचे पहिले यंत्र एका मद्यालयात ठेवले होते. थोड्याच दिवसांत ते बंद पडले, कारण नाण्यांची पेटी भरून वाहू लागली होती. ही हकिकत गमतीची आहे, पण तीत एक सत्य दडले आहे. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला खेळाडू लवकर हरायला हवा असतो, म्हणजे तो पुढचे नाणे टाकतो. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. मुळात हे घडले ते यंत्राच्या मर्यादेमुळे : पडद्यावर चित्रे कमी उरली की यंत्राचे काम हलके होई आणि उरलेली चित्रे भराभर सरकत. पण या मर्यादेतूनच खेळाचा थरार जन्मला. तेव्हा जुने खेळ निर्मळ आणि नवे तेवढे व्यापारी, असे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. पैसा या खेळांत पहिल्या दिवसापासून होता.

(५) तरीही जुन्या खेळांपैकी काहींविषयी मला मनापासून आदर वाटतो. तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' हा १९८० सालचा खेळ घ्या. त्यातील चार भुते एकसारखी दिसली, तरी प्रत्येकाची चाल निराळी आहे. एक थेट पाठलाग करते, दुसरे पुढची वाट अडवू पाहते. चार रंगांच्या चार ठिपक्यांना स्वभाव देणे, हे मला नाटककाराचे काम वाटते. या खेळाला शेवट ठरवून दिलेला नव्हता. परंतु २५६व्या टप्प्यावर यंत्राची मोजदाद कोलमडते, अर्धा पडदा विस्कटतो आणि पुढे जाता येत नाही. माणसाने न घातलेली मर्यादा यंत्रानेच घातली.

(६) अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोमध्ये रचलेला 'टेट्रिस' मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. प्रत्येकी चार चौकोनांचे अवघे सात आकार. वरून पडणारे ठोकळे रचायचे आणि ओळ भरली की ती नाहीशी होते. आपल्याकडच्या जत्रांत 'ब्रिक गेम' म्हणून मिळणाऱ्या लहानशा यंत्रातून हा खेळ खेड्यापाड्यांत पोहोचला. यात भाषा लागत नाही, शत्रू नाही, रक्तपात नाही. यात साधलेले नाहीसे होते आणि चुकलेले तेवढे साचत जाते. वरच्या टप्प्यांवर तो इतका वेगवान होतो की माणूस हरणारच, असे अनेक वर्षे मानले जाई. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने तो अशा टप्प्यापर्यंत नेला की खेळच गोठून थांबला. कौशल्याला अंत नाही, हे त्या मुलाने दाखवून दिले.

(७) 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या खेळाचे मोठेपण मला शिक्षक म्हणून जाणवते. त्याच्या पहिल्या टप्प्यावर सूचनेचा एकही शब्द नाही. समोरून येणाऱ्या पहिल्या प्राण्याला धडकलात की कळते, उडी मारायला हवी होती. चुकीची शिक्षा लहान आणि पुन्हा प्रयत्नाची संधी लगेच, हे चांगल्या अध्यापनाचे सूत्र तेथे सहज साधले आहे. जॉर्डन मेक्नर यांच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त (१९८९) राजपुत्राला ६० मिनिटांत राजकन्येची सुटका करायची असते. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच त्या इतक्या जिवंत वाटतात. वेळेचे बंधन येथे कथेचाच भाग होते. तास सरला की कथाही सरे.

(८) आता नव्या खेळांकडे वळू. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश सागा' वरवर पाहता टेट्रिसच्याच जातकुळीतला, रंगांची जुळणी करण्याचा खेळ आहे. फरक आहे तो थांबण्याच्या रीतीत. येथे पाच जीव मिळतात. ते संपले की एकेक जीव परत यायला ३० मिनिटे लागतात. वाट पाहायची नसेल, तर पैसे भरून पुढे खेळता येते. खेळ विनामूल्य आहे, पण अधीरतेला किंमत आहे. ही रचना चतुर असली तरी मला ती प्रामाणिक वाटत नाही. टेट्रिस आपल्या बोटांची परीक्षा घेतो, हा खेळ आपल्या धीराचा बाजार मांडतो.

(९) 'पबजी'विषयी घराघरांत जितके वाद झाले, तितके क्वचितच दुसऱ्या खेळाविषयी झाले असतील. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या मोबाइल खेळावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती वेगळ्या नावाने आली. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते आणि शेवटी एकच खेळाडू किंवा एकच संघ उरतो. म्हणजे या खेळाचा प्रत्येक डाव संपतो, हे मान्य केले पाहिजे. अडचण वेगळीच आहे. डाव मध्येच थांबवता येत नाही. आई जेवायला हाक मारते आणि मुलगा म्हणतो, 'आई, थांब ना, मॅच चालू आहे.' आईला तो उद्धटपणा वाटतो. मुलाला मात्र आपल्या तीन भिडूंना अर्ध्यावर सोडणे हा विश्वासघात वाटतो. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. म्हणून अशा खेळाविषयीचा निर्णय डाव सुरू होण्यापूर्वी व्हायला हवा. ताट वाढल्यावर तो करू गेल्यास भांडण अटळ असते.

(१०) आपल्या भूमीतून आलेल्या दोन खेळांचा उल्लेख करायला हवा. नवी मुंबईतील गेमेशन कंपनीने २०१६ साली 'लुडो किंग' आणला. २०२०च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे या पटाभोवती एकत्र आली. आजही कोरमंगलातील उपाहारगृहांबाहेर पुढच्या मागणीची वाट पाहत दुचाकीवर बसलेले डिलिव्हरीचे तरुण असे लहान डाव मांडताना दिसतात. मागणी तयार झाली की डाव बाजूला पडतो. त्यांना कुणी आळशी म्हणू नये. कामाच्या दोन फेऱ्यांमधली ती त्यांची हक्काची 'टाइमप्लीज' आहे. दुसरा खेळ 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो २०२० साली प्रसिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादातून कथा उलगडते, राजस्थानी वास्तूंचे वैभव दिसते आणि काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत साकारतात. काही तासांत कथा पूर्ण होते आणि खेळाडू मोकळा होतो. चांगली कादंबरी मिटून ठेवताना जे समाधान वाटते, ते मला येथे आढळते.

(११) येथवर वाचून कुणी म्हणेल, 'म्हणजे ज्याला शेवट आहे तो खेळ चांगला.' पण 'माइनक्राफ्ट' हे उदाहरण या निष्कर्षाला अडवते. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या खेळात चौकोनी ठोकळ्यांनी घरे, किल्ले, शहरे बांधता येतात. बांधणे कधीच संपत नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना 'आता पुरे' असे कोण सांगते? किल्ला मनासारखा झाला की मूल आपणहून उठते. तेव्हा केवळ शेवट असणे पुरेसे नाही. थांबण्याची सत्ता खेळणाऱ्याच्या हाती असणे महत्त्वाचे. 'टाइमप्लीज' कोण म्हणतो, यावर खेळाची योग्यता ठरते.

(१२) ही सत्ता हातून निसटली की काय होते, याची जाणीव बेंगळुरूला आहे. कोरमंगलापासून जवळच, होसूर रस्त्यावर, निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तंत्रज्ञानाच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी तेथे २०१४ साली स्वतंत्र उपचारसेवा सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळाच्या अनावर सवयीला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. मात्र कुणी खूप खेळतो म्हणून तो आजारी, असे ही व्याख्या म्हणत नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपुढे खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी लक्षणे ती सांगते. ती साधारणपणे १२ महिने टिकलेली असावी लागतात. पालकांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

(१३) पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी तर अनेक घरांची पुंजी धुऊन नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. हाच कायदा ई-क्रीडा आणि करमणुकीचे खेळ यांना मात्र उत्तेजन देतो. खेळ आणि जुगार यांच्यामधली रेषा कायद्याने आखली, हे योग्यच झाले. पण कायदा आपल्या पैशांची राखण करील, आपल्या संध्याकाळची करणार नाही. दिवसभर काम करून रात्री तासभर अभ्यासाला बसणाऱ्याला त्या तासाचे मोल ठाऊक असते. त्या तासाची राखण ज्याची त्यानेच करायची आहे.

(१४) म्हणून कोणताही खेळ हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हा खेळ मी मनात आणताच थांबवू शकतो का? थांबण्याची किंवा पुढे जाण्याची किंमत तो माझ्याकडून वसूल करतो का? आणि थांबल्यावर माझ्याजवळ काही उरते का : एखादे कौशल्य, एखादी कथा, एखादा भिडू? उत्तरे समाधानकारक असतील, तर खेळ जुना असो वा नवा, खुशाल खेळावा. डाव आपण मांडावा आणि मोडायचाही आपणच.

शब्दार्थ

निकष : कसोटी, पारख करण्याचे माप
दिवेलागण : सायंकाळी दिवे लावण्याची वेळ
आक्रसणे : आखडत जाणे, लहान होणे
जातकुळी : मूळ प्रकार, वंश
पुंजी : साठवलेले धन
भिडू : खेळातील जोडीदार
डाव मोडणे : चालू खेळ अर्ध्यावर संपवणे

चला, समजून घेऊ या

या लेखात दोन प्रकारची विधाने आहेत. 'टेट्रिस १९८४ साली मॉस्कोमध्ये रचला गेला' ही वस्तुस्थिती आहे. ती पडताळून पाहता येते. 'टेट्रिस मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो' हे मत आहे. ते पडताळता येत नाही, पण त्यामागची कारणे तपासता येतात. लेखकाने ती लगेच दिली आहेत : मोजके आकार, भाषेची गरज नसणे, शत्रूचा अभाव. कारणांशिवाय मांडलेले मत म्हणजे केवळ आवडनिवड ठरते.

लेखाची आणखी एक विशेषता लक्षात घ्या. अकराव्या परिच्छेदात लेखक स्वतःच्या विचाराला अडचणीचे ठरणारे उदाहरण स्वतःच पुढे करतो. 'शेवट असलेला खेळ चांगला' हा निष्कर्ष माइनक्राफ्टला लागू पडत नाही. असे उदाहरण लपवून न ठेवता त्याच्या आधारे विचार अधिक नेमका केला आहे. प्रतिपक्षाचा विचार केल्याने मत दुबळे होत नाही, उलट बळकट होते.

मत मांडताना 'माझ्या मते', 'मला वाटते', 'असे म्हणणे न्याय्य नाही' अशी शब्दयोजना करतात. दुसरी बाजू मान्य करताना 'हे मान्य केले पाहिजे', 'तरीही', 'मात्र' हे शब्द उपयोगी पडतात. निष्कर्ष सांगताना 'म्हणून', 'तेव्हा' यांचा वापर होतो. लेखातील असे शब्द अधोरेखित करा.

पाठगत प्रश्न

१. पुढील विधाने वस्तुस्थिती आहेत की मत, ते लिहा.
(अ) कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात.
(आ) कँडी क्रशची रचना प्रामाणिक नाही.
(इ) निम्हान्स ही संस्था होसूर रस्त्यावर आहे.

२. योग्य पर्याय निवडा. लेखकाच्या मते खेळाची योग्यता मुख्यतः कशावरून ठरते?
(अ) तो किती जुना आहे यावरून
(आ) तो विनामूल्य आहे का यावरून
(इ) थांबण्याचा निर्णय कुणाच्या हाती आहे यावरून
(ई) त्यात कथा आहे का यावरून

३. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधील शत्रूंचा वेग वाढण्याचे मूळ कारण एका वाक्यात लिहा.

तुम्ही काय शिकलात

- व्हिडिओ गेमची पारख जुना किंवा नवा एवढ्यावरून करता येत नाही.
- एक निकष ठरवून त्यावर सर्व उदाहरणे तपासली, की मत सुसंगत होते.
- वस्तुस्थिती पडताळता येते, तर मताला कारणांचा आधार द्यावा लागतो.
- खेळावरचा ताबा आपल्या हाती ठेवणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. 'आईला तो उद्धटपणा वाटतो. मुलाला मात्र विश्वासघात वाटतो.' या प्रसंगात दोघांचेही म्हणणे लेखकाला खरे का वाटते, ते स्पष्ट करा.

२. डिलिव्हरीचे काम करणाऱ्या तरुणांच्या खेळाविषयी लेखकाची दृष्टी तुम्हांला पटते का? कारणे द्या.

३. तुम्ही खेळलेला किंवा पाहिलेला कोणताही एक खेळ निवडा. लेखाच्या शेवटी दिलेले तीन प्रश्न त्याला लावून १२० ते १५० शब्दांत आपले मत लिहा. तुमच्या मताविरुद्ध जाणारा एक मुद्दाही त्यात घ्या.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : डाव साधणे, डाव उलटणे, रडीचा डाव खेळणे, खेळखंडोबा होणे.

उपक्रम

घरातील किंवा शेजारच्या तीन पिढ्यांतील व्यक्तींना त्यांच्या बालपणीचा आवडता खेळ विचारा. तो खेळ कसा थांबत असे, हे प्रत्येकाकडून जाणून घ्या आणि वहीत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वस्तुस्थिती (आ) मत (इ) वस्तुस्थिती
२. (इ)
३. पडद्यावर चित्रे कमी उरली की यंत्राचे काम हलके होई, त्यामुळे उरलेल्या शत्रूंचा वेग वाढत असे.